ऑक्टाव्हिया कॉम्बी (दुसरी पिढी): १.६ एमपीआय, १.९ टीडीआय, २.० टीडीआय की १.८ टीएसआय?

डिकी_मोठी

जुनी स्कोडा ऑक्टाव्हिया कॉम्बी (मोठ्या डिकीची स्टेशन वॅगन) घ्यायची आहे. दुसरी पिढी, म्हणजे २००४ ते २०१३ दरम्यानची. चार गाड्या समोर आहेत (एमपीआय आणि टीएसआय पेट्रोल, टीडीआय डिझेल). चारींची बॉडी आणि आतली बाजू साधारण एकाच प्रतीची, त्यामुळे निर्णय इंजिनावरच होणार.

१) १.६ एमपीआय, १०२ पीएस, इंजिन कोड बीएसई, २००८, १ लाख ४० हजार किमी, पाच गिअर मॅन्युअल
२) १.९ टीडीआय, १०५ पीएस, कोड बीएक्सई, २००७, २ लाख १० हजार किमी, पाच गिअर मॅन्युअल
३) २.० टीडीआय, १४० पीएस, कोड बीकेडी, २००६, १ लाख ९० हजार किमी, सहा गिअर डीएसजी (ऑटोमॅटिक)
४) १.८ टीएसआय, १६० पीएस, कोड सीडीएए, २००९, १ लाख ३० हजार किमी, सहा गिअर मॅन्युअल

वापर वर्षाला १४-१५ हजार किमी. आठवड्याचे पाच दिवस सात-आठ किमीच्या फेऱ्या, महिन्यातून दोनदा लांबचा पल्ला, तेव्हा मागची डिकी गच्च भरलेली. गाडी निदान पाच-सहा वर्षं ठेवायची आहे. 'टीडीआय म्हणजे दणकट' आणि 'टीएसआय म्हणजे डोकेदुखी' ही वाक्यं सगळीकडे ऐकली. कुठल्या कोडमध्ये नेमकं काय बिघडतं, का बिघडतं आणि घेण्याआधी ते कसं ओळखायचं, हे हवं आहे.

पाना_१३

इंजिनाआधी वापर बघा. सात-आठ किमीच्या फेरीत डिझेल इंजिन नीट तापतच नाही. काट्यावर ९० अंश दिसले तरी ते कूलंटचं तापमान, ऑइल त्याच्या बरंच मागे असतं. थंड ऑइलमध्ये इंधन आणि पाण्याची वाफ साचत जाते, ईजीआर (धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) आणि इनटेकमध्ये (हवा आत जायच्या वाटेत) काजळी चिकटते, टर्बोच्या आतल्या हलत्या पात्या जाम होतात. आठवड्यातले पाच दिवस असेच जाणार असतील तर पहिली गाडी यादीत वर आली पाहिजे, मग ती कितीही रटाळ वाटो.

१.६ एमपीआय म्हणजे १५९५ सीसी, आठ व्हॉल्व्ह, इनटेक पोर्टमध्ये पेट्रोल सोडणारी साधी इंजेक्शन, टर्बो नाही, टायमिंगला पट्टा. टॉर्क १४८ न्यूटन-मीटर, तोही ३८०० आरपीएमला. डिकी भरून चढ लागला की तिसरा गिअर टाकावाच लागेल आणि महामार्गावर पाचव्यातही इंजिन फिरतंच राहील. तक्रार असेल तर एवढीच. पेट्रोल १०० किमीला साडेसात-आठ लिटर धरा, सगळं शहरात असेल तर त्याहून जास्त.

बिघडतं काय? इग्निशन कॉइलला बारीक चिरा पडतात, पावसाळी हवेत इंजिन मिसिंग करतं. कॉइल आणि वायरी एकत्रच बदलाव्या, एकट्या कॉइलने प्रश्न अर्धाच सुटतो. थ्रॉटल बॉडीत मळ साचून रिकामी धाव (आयडलिंग) वरखाली होते. ती काढून साफ करायची आणि स्कॅनरवरून थ्रॉटलची बेसिक सेटिंग करायची. ही दुसरी पायरी विसरली की 'साफ करूनही तसंच आहे' अशी तक्रार येते. हेडच्या बाजूचा प्लॅस्टिकचा थर्मोस्टॅट फ्लँज गळतो, वाळलेल्या कूलंटची गुलाबी पापडी दिसली की समजायचं.

या इंजिनाची खरी भानगड एकच: ऑइल खाणं. पिस्टनच्या ऑइल रिंगा काजळीने जाम होतात. ऑइल उशिरा बदललेल्या आणि कायम थोड्या अंतरावर फिरलेल्या गाड्यांत हे जास्त. एकूण ऑइल साडेचार लिटर, त्यातलं हजार किमीला पाव लिटर जात असेल तर या वयाला चालवून घ्यावं. अर्धा लिटर आणि वर असेल तर आधी क्रँककेसचा ब्रीदर आणि व्हॉल्व्ह सील बघा, मग रिंगांकडे वळा. विकणाऱ्याच्या डिकीत ऑइलचा अर्धा डबा सापडला तर तो का आहे हे विचारायला लाजू नका.

टायमिंग पट्टा ९० हजार ते १ लाख २० हजार किमी किंवा पाच-सहा वर्षं, जे आधी होईल ते. २००८ ची गाडी आहे, बिल नसेल तर बदललेला नाही असंच धरून चाला.

काजळी

पाना_१३ यांनी वापराचं सांगितलं ते पटतं, पण १.९ ला इतक्या लवकर बाद करू नका. यादीतल्या तीन गाड्यांना खर्च निघू शकतो, आणि बीएक्सईचा खर्च आधीच ओळखून टाळता येतो.

ऑक्टाव्हियात १.९ टीडीआयचे मुख्य कोड बीजेबी, बीकेसी, बीएक्सई आणि डीपीएफवालं (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असलेलं) बीएलएस. चारही १८९६ सीसी, ७७ किलोवॅट, २५० न्यूटन-मीटर, आणि सगळ्यांत पंप-ड्यूज. म्हणजे प्रत्येक सिलिंडरचा इंजेक्टर आणि पंप एकत्र, आणि त्याला दाबणारी कॅमशाफ्ट. लोक सगळ्यांना एकाच मापाने मोजतात, तिथे गफलत होते. बीजेबी आणि बीकेसी सर्वांत निर्धास्त. बीएक्सईचं नाव कनेक्टिंग रॉडच्या बेरिंगमुळे खराब झालं. बिग-एंड (रॉडच्या क्रँककडच्या टोकाच्या) बेरिंगचे शेल घासतात, रॉड सैल होतो आणि शेवटी ब्लॉक फोडून बाहेर येतो. यात पूर्वसूचना फार थोडी मिळते. कधी गरम इंजिनला खालून येणारी बोथट ठकठक, कधी तीही नाही. कारण एकच सांगता येत नाही. बेरिंग मुळातच काठावरचं, त्यात ३० हजार किमीच्या लाँगलाइफ (लांब अंतराने ऑइल बदलायच्या) मुदतीत पातळ झालेलं ऑइल आणि थंड इंजिनला खालच्या आरपीएमवर दिलेला पूर्ण टॉर्क. पाचव्या गिअरमध्ये १२०० आरपीएमला पाय दाबून चढ काढायची सवय या इंजिनाला मारते.

तोडगा सोपा आहे. २ लाख १० हजार झालेली बीएक्सई घेतली तर ऑइल पॅन काढून चारही बिग-एंड शेल बदलून टाका. इंजिन उतरवावं लागत नाही. रॉडचे बोल्ट ताणले जाणारे असतात, ते नवेच घालायचे: ३० न्यूटन-मीटर आणि वर ९० अंश. रॉड आणि त्याची कॅप मुळात एकच तुकडा असतो आणि तो तडकवून वेगळा केलेला असतो, त्यामुळे एका रॉडची कॅप दुसऱ्याला चालत नाही, उलटी बसवूनही चालत नाही. उघडण्याआधी खुणा करा. क्रँकच्या जर्नलवर नखाला लागेल अशी रेघ दिसली तर तिथेच थांबा, नवे शेल फार दिवस टिकणार नाहीत.

दुसरी जागा कॅमशाफ्ट. पंप-ड्यूजमध्ये इंजेक्टर दाबणाऱ्या कॅमना रुंदी द्यावी लागली, म्हणून व्हॉल्व्हच्या कॅम अरुंद झाल्या. ऑइल योग्य दर्जाचं नसेल तर त्यांच्या कडा झिजतात आणि टॅपेटच्या माथ्यावर खड्डा, पुढे भोक पडतं. लक्षणं फसवी: ओढ किंचित कमी, रिकाम्या धावेला टकटक, कधी इनटेकमधून शिंकल्यासारखा आवाज, आणि स्कॅनरवर काहीच नाही. वरचं कव्हर काढून बॅटरीच्या उजेडात आठही व्हॉल्व्ह-कॅमची नाकं बघायला अर्धा तास पुरतो. नाकाच्या कडेला चकाकी तुटलेली किंवा टोक चपटं दिसलं की कॅमशाफ्ट, तिचे बेरिंग शेल आणि टॅपेट असा पूर्ण संच लागतो. नुसती कॅमशाफ्ट बदलून जुने टॅपेट ठेवले तर नवी कॅम जुन्याच्याच वाटेने जाते.

ऑइल ५०५.०१ दर्जाचं, डीपीएफ असेल तर ५०७.००. डब्यावर हा आकडा छापलेला असला पाहिजे. 'डिझेलला चालतं' एवढ्यावर भागत नाही. लाँगलाइफ विसरा, दहा-बारा हजारांवर बदला.

आणि बीकेडी. १९६८ सीसी, १६ व्हॉल्व्ह, ३२० न्यूटन-मीटर. चालवायला चौघांत सर्वांत मजेदार, पण सुरुवातीच्या वर्षांत सिलिंडर हेडला तडे जायचे. कूलंट हळूहळू कमी होतं, खाली थेंबही दिसत नाही. रात्रभर उभ्या गाडीचा वरचा कूलंट पाइप सकाळी दाबून बघा. थंड इंजिनला तो मऊ लागला पाहिजे. टणक लागला तर सिलिंडरमधला वायू कूलंटमध्ये शिरतोय. खात्रीसाठी एक्स्पान्शन टाकीच्या तोंडावर गॅस-तपासणीचं निळं द्रव लावतात, ते हिरवं किंवा पिवळं झालं की हेड गेलं. २००६ ची गाडी त्या काळात बसते. हेड बदलल्याचं बिल असेल तर उलट तीच गाडी चांगली.

सुटा_नट

२.० टीडीआय असेल तर ऑइल पंपाची षटकोनी दांडी विसरू नका. ती झिजली की पंप फिरायचा थांबतो, लाल दिवा लागेपर्यंत टर्बो आणि बेरिंग दोन्ही गेलेले असतात. बीकेडी घ्यायची तर आधी ती दांडी बदला.

काजळी

सुटा_नट, ती दांडी बॅलन्स शाफ्ट असलेल्या इंजिनांत असते, उदाहरणार्थ पसाट बी६ मधलं बीएमपी. तिथे पंप बॅलन्स शाफ्टच्या पेटीतून फिरतो आणि मधली दांडी गोल होत जाते. ऑक्टाव्हियातल्या १४० पीएसच्या बीकेडी आणि बीएमएममध्ये बॅलन्स शाफ्टच नाही, पंप क्रँकवरून चेनने फिरतो. नसलेला भाग बदलायला सांगितला तर मेकॅनिक बिचारा शोधतच बसेल.

बीएमएमचं नाव निघालंच म्हणून: १४० पीएस, पण आठ व्हॉल्व्हचं हेड आणि डीपीएफ. बीकेडीच्या हेडची कटकट नाही, पण सात-आठ किमीच्या फेऱ्यांत डीपीएफची जाळणी अर्धवट राहते. दर वेळी थोडं डिझेल ऑइलमध्ये उतरतं आणि डिपस्टिकवर पातळी वाढताना दिसते. पातळी वाढली म्हणून खूश होऊ नये, ते पातळ झालेलं ऑइल असतं. या वापराला चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

सुटा_नट

बरोबर, दोन्ही एकच समजत होतो.

साखळदंड

टीएसआयबद्दल कोणी बोललं नाही, म्हणून मी.

१.८ टीएसआय चालवायला यादीतली सर्वांत गोड गाडी. २५० न्यूटन-मीटर १५०० आरपीएमपासून, भरल्या डिकीचं तिला काही वाटत नाही. पण सीडीएए म्हणजे ईए८८८ या इंजिन-मालिकेची दुसरी आवृत्ती, आणि तिच्या ऑइल रिंगा घर्षण कमी करायच्या नादात फार पातळ केल्या, पिस्टनमधली ऑइल परतायची भोकंही बारीक. ती बुजली की ऑइल खाली परतत नाही, जळतं. कंपनीची पुस्तिका हजार किमीला अर्ध्या लिटरपर्यंत 'सामान्य' म्हणते. एकूण ऑइल ४.६ लिटर. म्हणजे पुस्तिकेच्या हिशेबाने दहा हजार किमीत पाच लिटर वरून ओतलं तरी सगळं आलबेल! हा आकडा मालकाच्या नव्हे, कंपनीच्या सोयीचा आहे.

ब्रीदरचा ऑइल सेपरेटर बदलून थोडा फरक पडतो, तो आधी करून बघावा. तो फाटला असेल तर इंजिन चालू असताना शिट्टीसारखा आवाज येतो आणि डिपस्टिक वर ओढली की रिकामी धाव बदलते. पण मूळ दुखणं रिंगांचं असेल तर उपाय सुधारित पिस्टन आणि रिंगा. म्हणजे इंजिन पूर्ण उघडायचं. मधला मार्ग नाही. डब्यातून मिळणाऱ्या 'रिंगा मोकळ्या करणाऱ्या' औषधांनी काही हजार किमी बरं वाटतं, मग येरे माझ्या मागल्या.

दुसरं, टायमिंग चेन. चेन ताणली जाते ते खरं, पण १.८ मध्ये चेनपेक्षा तिचा हायड्रॉलिक टेन्शनर जास्त घात करतो. जुन्या डिझाइनमध्ये ऑइलचा दाब नसताना तो मागे घसरू शकतो आणि चेन दात चुकवते. म्हणून ही गाडी उतारावर नुसती गिअरमध्ये टाकून उभी करू नये. हँडब्रेक आधी पूर्ण ओढा, गिअर नंतर. गाडी मागे ढकलली गेली की इंजिन उलटं फिरतं, आणि नेमका तोच क्षण टेन्शनरला नको असतो. धक्का देऊन चालू करणं तर नकोच. सुधारित टेन्शनर बसलाय का हे बिलावरून कळलं नाही तर बसलेला नाही असं माना.

ओळखायचं कसं? रात्रभर थंड गाडी चालू करताना बॉनेट उघडं ठेवा. टायमिंगच्या बाजूने दोन-तीन सेकंद खळखळ आली तर टेन्शनर किंवा चेन. स्कॅनरवर मेझरिंग ब्लॉक (गाडीच्या संगणकातल्या आकड्यांचा गट) ०९३ मध्ये कॅमशाफ्टची फेज दिसते. ती शून्याजवळ असावी, जितकी लांब सरकलेली तितकी चेन ताणलेली. विकणाऱ्याने गाडी आधीच गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी परत जा.

थेट सिलिंडरमध्ये इंजेक्शन असल्याने इनटेक व्हॉल्व्हवर पेट्रोलचा फवारा पडत नाही, त्यांच्या मागे काजळीचे थर जमतात. थंडीत मिसिंग, ओढ मंद. मॅनिफोल्ड काढून अक्रोडाच्या टरफलांच्या भुकटीने ते साफ करतात. पेट्रोलमध्ये टाकायच्या क्लीनरने हे होत नाही, कारण तो तिथे पोहोचतच नाही.

निळा_धूर

१.४ टीएसआय यादीत नाही, तरी कुठेतरी समोर येईलच म्हणून सांगतो. या गाडीतलं सीएएक्सए, १२२ पीएस, फक्त टर्बोवालं. टर्बो आणि सुपरचार्जर दोन्ही असलेल्या भावंडासारखे पिस्टन तडकायचे प्रकार यात कमी, पण चेन आणि टेन्शनरची तक्रार आहेच. शिवाय टर्बोच्या वेस्टगेटची दांडी गंजून अडकते, ईपीसीचा (इंजिन-नियंत्रणाच्या बिघाडाचा) दिवा लागतो, बिघाडाचा कोड पी०२९९. गॅरेजवाला अख्खा टर्बो बदलायला सांगेल. आधी दांडी हाताने हलते का बघा, बऱ्याचदा उष्णता सोसणारं ग्रीस आणि एक क्लिप एवढ्यावर काम होतं. ऑइल जेमतेम ३.६ लिटर, त्यामुळे अर्धा लिटर कमी झालं तरी फार झालं.

डिकी_मोठी

सगळ्यांचे आभार. १.८ टीएसआय बाजूला ठेवतोय, पिस्टनपर्यंत जायची तयारी नाही. तीन प्रश्न उरले. बीएक्सईला स्कॅनर लावला तर नेमके कुठले आकडे बघायचे? पट्ट्याच्या कामात काय काय बदलायचं? आणि बीकेडीचं हेड बदललेलं निघालं तर डीएसजीची काळजी करावी का?

काजळी

आकडे सांगतो, व्हीसीडीएससारखा मेझरिंग ब्लॉक दाखवणारा स्कॅनर हवा. स्वस्तातला नुसता कोड वाचणारा इथे कामाचा नाही.

इंजिन पूर्ण गरम, रिकामी धाव, ब्लॉक ०१३. चारही सिलिंडरची डिझेल-दुरुस्ती मिलिग्रॅम प्रति स्ट्रोकमध्ये दिसते. शून्याच्या अलीकडे-पलीकडे एकच्या आत असेल तर छान. २.८ च्या जवळ गेलं तर त्या सिलिंडरचा इंजेक्टर, त्याची सील किंवा कॉम्प्रेशन संशयित. अधिक आकडा म्हणजे ते सिलिंडर मागे पडतंय आणि संगणक त्याला जास्त डिझेल देतोय. त्या सिलिंडरच्या व्हॉल्व्हच्या कॅमकडे आधी बघा, इंजेक्टर नंतर.

ब्लॉक ००४ मध्ये टॉर्शन व्हॅल्यू, म्हणजे कॅम आणि क्रँकची एकमेकांशी जुळणी. शून्याच्या आसपास हवी, दोन्ही बाजूंना तीन अंशांची मर्यादा. पट्टा कोणीतरी घाईत बसवला असेल तर इथे पकडला जातो. 'पट्टा नुकताच बदललाय' म्हणणाऱ्या मालकाला हा आकडा दाखवायचा.

ब्लॉक ०११, तिसरा गिअर, १५०० पासून ४००० पर्यंत पाय पूर्ण दाबून. मागितलेला बूस्ट (टर्बोचा हवेचा दाब) आणि मिळालेला बूस्ट शेजारी-शेजारी चालले पाहिजेत. मिळालेला उसळून वर जात असेल आणि गाडी अचानक मरगळली तर टर्बोच्या पात्या काजळीने अडकतात. खालीच राहिला तर व्हॅक्यूमच्या नळ्या, इंटरकूलरचे पाइप, मग टर्बो, या क्रमाने बघा. चिरलेल्या व्हॅक्यूम नळीपायी चांगला टर्बो बदलल्याचे प्रकार कमी नाहीत.

चालू गाडीत एखादा सिलिंडर मधूनच बंद पडून परत येत असेल तर इंजेक्टर नव्हे, हेडच्या आतली इंजेक्टरची वायरिंग. गरम ऑइलमध्ये बुडून ती कडक होते, जोडणी सुटते. भाग छोटा, काम तासाभराचं. डिपस्टिकला डिझेलचा वास आला तर इंजेक्टरच्या रबरी सील किंवा हेडमधल्या बैठका. सील बदलताना इंजेक्टरचा बोल्ट नवा, १२ न्यूटन-मीटर आणि वर २७० अंश. शिवाय ॲडजस्टिंग स्क्रू कॅमने इंजेक्टर पूर्ण दाबलेल्या स्थितीत तळाला टेकवून १८० अंश मागे फिरवायचा. हे न करता बसवला तर आकडे कधीच जुळणार नाहीत.

पट्ट्याच्या कामात पट्टा, टेन्शनर, आयडलर, वॉटर बॉडी (वॉटर पंप) आणि इंजिन माउंटचे बोल्ट. ते बोल्टही ताणले जाणारे आहेत. वॉटर बॉडी सोडून बाकी बदलणं म्हणजे ती पुढच्या वर्षी गळली की सगळं पुन्हा उघडणं. कूलंट जी१२ प्लस किंवा त्यापुढचं, पाण्याशी निम्मं-निम्मं, आणि पाणी डिस्टिल्ड. क्रँकचं स्प्रॉकेट गोल आहे की किंचित लंबगोल हे आधी बघा. गोलाला टी१००५० हे लॉक, लंबगोलाला टी१०१००. चुकीचं लॉक जेमतेम बसतं आणि टायमिंग थोडं सरकतं. कॅम पुलीचे तीन बोल्ट २५ न्यूटन-मीटर. शेवटी दोन फेरे हाताने फिरवून खुणा परत जुळवा आणि मग ००४ चा आकडा बघा. या इंजिनात पट्टा तुटला तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन भिडतात, त्यामुळे 'अजून थोडे दिवस' हा विचार नको.

पाना_१३

डीएसजीचं मी घेतो. २००६ च्या बीकेडीमागे असते ती सहा गिअरची डीक्यू२५०, ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचची. पुढे १.४ टीएसआय, १.६ टीडीआय वगैरेंना आलेली सात गिअरची डीक्यू२०० कोरड्या क्लचची, तिची दुखणी वेगळी. 'डीएसजी वाईट' असं सरसकट म्हणणारे बहुतेक डीक्यू२०० बद्दल बोलत असतात.

डीक्यू२५० ला दर ६० हजार किमीला ऑइल आणि फिल्टर. गाडी १ लाख ९० हजारांवर आहे, म्हणजे तीन वेळा झालेलं असायला हवं. बिलं मागा. खोक्यात एकूण सात लिटरच्या आसपास ऑइल असतं, बदलताना पाच-साडेपाच निघतं. पातळी डिपस्टिकने मोजत नाहीत. ड्रेनच्या भोकात प्लॅस्टिकची नळी असते, इंजिन चालू ठेवून ऑइल ३५ ते ४५ अंशांवर असताना त्या नळीतून थेंब थेंब पडायला लागलं की पातळी बरोबर. तापमान न बघता भरलं तर हमखास कमी-जास्त होतं, आणि मग गिअर धक्के देतात म्हणून मेकाट्रॉनिकला (गिअरबॉक्सच्या नियंत्रकाला) दोष जातो.

चालवताना सपाट जागेवर ब्रेक हळू सोडा, गाडी एकसंध सरकली पाहिजे, थरथरत नको. रिव्हर्समधून डीमध्ये टाकल्यावर लगेच पकडली पाहिजे. थांबत येताना दुसऱ्यावरून पहिल्यावर ठोका बसला तर मेकाट्रॉनिक किंवा क्लच. रिकाम्या धावेला खडखड आणि इंजिन बंद करताना घरघर असेल तर दुहेरी फ्लायव्हील. ते मॅन्युअल बीएक्सईतही असतं, आणि तिथे क्लच प्लेट बदलायची वेळ आली की फ्लायव्हील तपासल्याशिवाय गिअरबॉक्स परत चढवू देऊ नका.

माझा कौल तरीही १.६ ला. काजळी यांची बीएक्सई बेरिंग बदलून उत्तम होईल, पण ती आठवड्याला पाच दिवस सात किमी धावणार आहे, त्याचं काय? महिन्यातून दोन लांबच्या पल्ल्यांनी ईजीआरची काजळी जळून जात नाही.

काजळी

जळत नाही, पण जमायचा वेग कमी होतो. बीएक्सईला डीपीएफ नाही हे विसरू नका, त्यामुळे छोट्या फेऱ्यांचा फटका बीएमएमएवढा बसत नाही. १०० किमीला पाच-साडेपाच लिटर डिझेल विरुद्ध आठ लिटर पेट्रोल, वर्षाला १५ हजार किमी. हा फरक त्यांनीच त्यांच्या दराने मांडावा, आणि त्यातून बेरिंग, पट्टा आणि एखाद्या ईजीआरचा खर्च वजा करावा. तरी उरत असेल तर डिझेल. नसेल तर तुमची १.६.

निळा_धूर

एक आणखी. कोड विकणाऱ्याच्या तोंडून घेऊ नका. डिकीत स्टेपनीच्या खड्ड्यात आणि सर्व्हिस पुस्तिकेच्या पहिल्या पानावर कागदी स्टिकर असतो, त्यावर किलोवॅट, इंजिन कोड आणि गिअरबॉक्स कोड छापलेले असतात. त्याखालच्या बारीक कोडांच्या रांगेत क्यूजी१ दिसलं तर गाडी लाँगलाइफवर आलेली, म्हणजे ऑइल ३० हजार किमी किंवा दोन वर्षांनी बदललं गेल्याची शक्यता मोठी. बीएक्सईच्या बाबतीत बेरिंग उघडायचं की नाही, याचं अर्धं उत्तर तिथेच मिळतं.

आणि स्टिकर बघायला गालिचा उचलाल तेव्हा खड्ड्यात पाणी आहे का तेही बघा. मागच्या वायपरच्या पाण्याची नळी सुटली की ते आतूनच झिरपत खाली येतं. डिकीचं दार आणि छत यांच्यामधल्या रबरी नळीतल्या वायरी कॉम्बीत तुटतात. नंबरप्लेटचा दिवा, वायपर आणि दाराचं कुलूप एकदमच बंद असेल तर तीन बिघाड नाहीत, तो एकच आहे.

डिकी_मोठी

बीएक्सईच्या स्टिकरवर क्यूजी१ आहे आणि पुस्तिकेत ऑइलचे शिक्के २८-२९ हजारांच्या अंतराने. १.६ च्या पुस्तिकेत दर १५ हजारांना शिक्का, पट्टा १ लाख ५ हजारांवर वॉटर बॉडीसकट बदललेला, बिल आहे. डिझेलचा हिशेब काजळी म्हणतात तसा मांडला, बेरिंग आणि पट्टा धरल्यावर पहिल्या तीन वर्षांत काहीच उरत नाही. १.६ ची थंड सुरुवात उद्या सकाळी बघणार, आणि डिकीत ऑइलचा डबा शोधणार.

पाना_१३

डबा सापडला नाही तरी चावी फिरवण्याआधी डिपस्टिक बघा आणि पातळीचा फोटो काढून ठेवा. चालू करताना निळ्या धुराचा एकच भपका येऊन थांबला तर व्हॉल्व्ह सील. पाय दाबल्यावर मागे सतत निळं दिसत राहिलं तर रिंगा. सील चालतील.